ऊन लागतं म्हणजे नेमकं काय होतं? आपल्या शहरातल्या शाळा आणि एप्रिलचा उन्हाळा

(एपिसोडमध्ये बोलले ते जवळजवळ तसंच उतरवलंय. मधे खालून भंगारवाला गेला, तेवढं काढून टाकलंय.)

निम्मे लोक हे बसमध्ये ऐकताय आणि उरलेले रात्री गच्चीवर गादी टाकून, असा माझा अंदाज आहे. गच्चीवाल्यांनो, आजचा एपिसोड खास तुमच्यासाठी. कारण तुमची खोली रात्री अकरालाही का तापलेली असते, त्यावरही बोलायचंय.

विषय आहे ऊन. आता लगेच स्किप करू नका. "उन्हाळा आहे, ऊन असणारच, मराठवाड्यात काय नवीन" असं मीही म्हणायचे. पण गेल्या एप्रिलमध्ये आमच्या घरात एक गोष्ट झाली आणि माझं हे म्हणणं बंद झालं.

माझी भाची पाचवीत आहे. ताईची मुलगी. शाळा सकाळची, सुटते बाराच्या आत. म्हणजे कागदावर सगळं ठीक. त्या दिवशी ती रिक्षातून उतरली, दप्तर दारात टाकलं आणि तिथेच उलटी केली. डोकं दुखतंय म्हणाली. तोंड लाल, ओठ कोरडे. आईनं म्हणजे तिच्या आजीनं सवयीप्रमाणे "बाहेरचं काहीतरी खाल्लं असणार" असं जाहीर करून टाकलं. संध्याकाळपर्यंत काही बरं वाटेना, म्हणून ताई तिला गल्लीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलंच नाही. पहिला प्रश्न विचारला, "बाळा, सकाळपासून शू ला कितीदा गेलीस?"

एकदाही नाही. सकाळी साडेसहाला घरून जाऊन आली होती, त्यानंतर थेट डॉक्टरांकडे येईपर्यंत नाही. बाटली? भरलेलीच परत आली होती. का गं प्यायली नाहीस पाणी? तर म्हणाली, "पाणी प्यायलं की जावं लागतं. आणि शाळेतलं बाथरूम खूप घाण असतं. कडी पण लागत नाही."

मी शाळेचं नाव घेणार नाही. कारण हे एकाच शाळेचं नाही, आणि तुम्ही मुली ऐकत असाल तर तुम्हाला माहितीये की मी काय म्हणतेय. आपणही हेच केलंय. मी दहावीपर्यंत शाळेत पाणी प्यायले नाही म्हटलं तरी चालेल. वर्गातल्या अर्ध्या मुलींचं तसंच होतं. कुणाला ते विचित्र वाटायचं नाही.

तर त्या दिवसापासून मी जे मिळेल ते वाचलं, डॉक्टर मित्र-मैत्रिणींना छळलं, आणि आता तुम्हाला छळतेय.

आधी शरीर. आपल्या आतलं तापमान साधारण ३७ अंश असतं. बाहेर उष्णता वाढली की शरीराकडे दोन मार्ग असतात: कातडीकडे जास्त रक्त पाठवायचं आणि घाम काढायचा. खरा गारवा घामाच्या वाळण्यातून मिळतो. माठातलं पाणी गार होतं ना, तीच गंमत. माठ झिरपतो, ते पाणी हवेत उडून जाताना उष्णता घेऊन जातं. आता माठच रिकामा असेल तर झिरपणार काय? शरीरात पाणी कमी असलं की घाम कमी, रक्त दाट, हृदयाला जास्त पळावं लागतं. डोकं दुखतं, मळमळतं, पायात गोळे येतात, चक्कर येते. ही पहिली पायरी. इथे सावली आणि पाणी मिळालं तर माणूस सावरतो.

दुसरी पायरी म्हणजे उष्माघात. आतलं तापमान ४० अंश किंवा त्याच्या वर जातं आणि मेंदू गडबडतो. माणूस असंबद्ध बोलायला लागतो, तोल जातो, झटके येतात, शुद्ध हरपते. ही इमर्जन्सी आहे. इथे मिनिटं मोजायची असतात.

लहान मुलांचं आणखी अवघड. वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे बाहेरची गरमी पटकन आत शिरते. घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो. खेळात असली की तहान कळत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांच्या हातात काहीच नसतं. आपण बसची वाट बघताना सावलीला सरकतो. मुलाला बाई "रांगेत उभा राहा" म्हणाल्या की तो उभा राहतो.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे पारा जाऊन जाऊन किती जातो? चंद्रपूर, अकोल्यासारखं थोडंच आहे. मलाही हेच वाटायचं. मग मी एक साधी गोष्ट शिकले. बातमीत येतं ते "आज शहरात ४० अंश", ते तापमान वेधशाळेच्या पांढऱ्या, झडपा असलेल्या लाकडी पेटीत मोजलेलं असतं. सावलीत, हवा खेळती ठेवून. आपल्याकडे चिकलठाण्याला. तुमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावरचा पत्र्याखालचा वर्ग, पन्नास मुलं, एक पंखा, तोही मधेच लाइट गेली की बंद, असा काही त्या पेटीत बसवलेला नसतो. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. त्याला आकडा न बघता कळतं.

हवामान खात्याची व्याख्याही ऐकून ठेवा, कामाला येते. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० हवं आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवं, तेव्हा ती उष्णतेची लाट. किंवा पारा सरळ ४५ ला गेला तर. किनाऱ्यावर हीच मर्यादा ३७ ची आहे, कारण तिथे दमटपणा असतो, घाम वाळत नाही.

आणि इथेच खारघर आठवतं. १६ एप्रिल २०२३. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम, उघडं मैदान, लाखोंची गर्दी, भर दुपार. त्या दिवशी तिकडे पारा ३८ च्या आसपास होता. आपल्या हिशोबाने काहीच नाही, आपण ३८ ला "आज जरा बरंय" म्हणतो. आणि तिथे १४ माणसं गेली. घाम वाळत नव्हता, डोक्यावर सावली नव्हती, आणि गर्दीतून उठून बाहेर जायला वाट नव्हती. त्यानंतर त्याच आठवड्यात सरकारने शाळांना २१ एप्रिलपासूनच सुट्टी जाहीर केली. पुढे २०२५ मध्ये राज्यभर सकाळच्या शाळांचा आदेश आला: प्राथमिक सात ते सव्वाअकरा, माध्यमिक सात ते पावणेबारा. चांगलंच झालं. पण त्याच वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या २५ तारखेपर्यंत खेचल्या होत्या. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढायचं.

आणखी एक. विदर्भातल्या शाळा जूनमध्ये बाकी महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात, उन्हामुळे. मराठवाड्याला ही सवलत नाही. पाऊस वेळेवर आला तर ठीक, नाही आला तर जूनच्या मध्यावर आपली मुलं नवीन दप्तर घेऊन त्याच भट्टीत. आणि सीबीएसईवाल्यांचं तर वर्षच एप्रिलमध्ये सुरू होतं. नवीन वर्ग, नवीन बूट-मोजे, टाय. टाय! एप्रिलमध्ये! ज्यांनी हा नियम केला त्यांनी एकदा टाय लावून गुलमंडीत दुपारी एक वाजता चक्कर मारावी एवढीच माझी विनंती आहे.

बरं, यावर कुणी काही केलंय का? केलंय. आणि फार लांब नाही, अहमदाबादला. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ ला गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. यातल्या बहुतेकांच्या दाखल्यावर "उष्माघात" लिहिलेलं नसतं. हृदय बंद पडलं, वय झालं होतं, असंच लिहिलेलं असतं. म्हणून तर हे मृत्यू कुणाला दिसत नाहीत. तिथल्या महापालिकेने शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा आणला, दक्षिण आशियातला पहिला. ऊन वाढणार हे आधी कळवायचं, कोणत्या तापमानाला कोण काय करणार हे ठरवून ठेवायचं, डॉक्टरांना प्रशिक्षण द्यायचं. त्यामुळे वर्षाला हजाराहून जास्त मृत्यू टळले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्या राज्यात नागपूरने २०१६ मध्ये हा रस्ता धरला.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट यातली अगदी छोटी आहे. अहमदाबादच्या शारदाबेन हॉस्पिटलमध्ये नवजात बाळांचा विभाग सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. वर तापलेला स्लॅब. उन्हाळ्यात बाळं आजारी पडून दाखल व्हायची. त्यांनी काय केलं? विभाग खालच्या मजल्यावर हलवला. बस्स. उष्णतेमुळे आजारी पडणारी बाळं खूप कमी झाली. यात नवीन मशीन काही नव्हतं, विभागाची जागा तेवढी बदलली.

आता तुमच्या शाळेचा विचार करा. ऑफिस, स्टाफरूम, स्टोअर कुठे असतं? खाली. आणि पहिली-दुसरीचे वर्ग? कितीतरी शाळांमध्ये जागा नाही म्हणून वर, पत्रे टाकून वाढवलेल्या खोल्यांमध्ये. मार्च ते जून एवढे तीन-चार महिने अदलाबदल केली तर? रेकॉर्डच्या कपाटाला ऊन लागत नाही.

वरचे वर्ग हलवता येत नसतील तर छत पांढरं करा. चुन्याचे दोन हात द्यायचे, मार्चच्या सुरुवातीलाच. पांढरा रंग ऊन परत पाठवतो. आतलं तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरतं. ऐकायला कमी वाटतं, पण तिथे बसणाऱ्याला विचारा. तेलंगणाने २०२३ मध्ये याचं सरकारी धोरणच केलंय. आपल्याकडे मुकुंदवाडीला किंवा पडेगावला पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना हे एका रविवारी चार मित्र मिळून करता येतं. फक्त पत्र्यावर सकाळी सातच्या आत चढा, दुपारी नाही, आणि पाय खिळ्यांच्या रेषेवर ठेवा, मधे नको. पत्रा वाकतो. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, पुढच्या वर्षी परत द्यावा लागतो, तेही सांगून ठेवते.

आणि गच्चीवाल्यांनो, तुमच्या खोलीचं उत्तर हेच. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खोलीत सोडत बसतो. तुम्ही पंखा पाचवर केला तरी तो वरची गरम हवाच खाली ढकलतो. हवा ४० च्या वर तापलेली असेल तर नुसत्या पंख्याने अंग गार होत नाही, उलट तापतं. ओलं फडकं अंगावर घेऊन पंख्याखाली बसलात तर फरक पडतो.

आता पाण्यावर येते. कारण सगळे पोस्टर सांगतात "भरपूर पाणी प्या". अरे, कुठलं पाणी? जायकवाडीसारखं धरण उशाला आणि नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तुम्हीच कमेंटमध्ये लिहा, प्रत्येक वॉर्डाचं उत्तर वेगळं येईल. आमच्याकडे पाण्याचा दिवस हा सणासारखा असतो, त्या दिवशी कुणी पाहुण्यांना बोलवत नाही. कूलरमध्ये पाणी टाकायचं की कपडे धुवायचे, हा आमच्या आईचा रोजचा हिशोब. अशा शहरात शाळेचं बाथरूम स्वच्छ का नसतं हे मला कळतं. शिपाईमामा आणि झाडणाऱ्या मावशी जादूने पाणी आणणार नाहीत. पण म्हणूनच म्हणते, उन्हाळ्याची तयारी म्हणजे आधी टँकरची तयारी. शाळेने वॉटर कूलरचं उद्घाटन करून फोटो काढण्याआधी बाथरूमच्या टाकीत पाणी आहे का आणि मुलींच्या दाराला कडी आहे का ते बघावं. कडी कितीला येते? माझी भाची त्या कडीमुळे आजारी पडली.

याच शहरात चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने जमिनीखालून नहर आणली होती. डोंगरातलं पाणी नळांमधून, कुठलीही मोटार न लावता, घराघरापर्यंत. पाणचक्कीला शाळेच्या सहलीत आपण सगळेच गेलोय, पण तिथला हौद आठवतो ना, त्या हौदाच्या खाली एक दालन आहे. वर पाण्याचा थर, त्यामुळे खाली गारवा. उन्हाळ्यात आलेल्या वाटसरूंना बसायला. म्हणजे "गार जागा" ही कल्पना आपल्याला परदेशातून शिकायची नाही. आज प्रत्येक वस्तीत अशी एक जागा ठरवता येईल: समाजमंदिर, अभ्यासिका, मशिदीचा किंवा बुद्धविहाराचा हॉल, जिथे दुपारी बारा ते चार दार उघडं असेल, माठ भरलेला असेल आणि कुणी "काय काम आहे" असं विचारणार नाही. बाग दुपारी बंद ठेवायची पद्धत मला कधीच कळली नाही. सावलीची गरज दुपारीच असते ना?

शाळांनी आणखी काय करावं? केरळच्या शाळांनी २०१९ मध्ये पाण्याची घंटा सुरू केली. दिवसातून दोन-तीनदा घंटा वाजते, सगळे पाणी पितात. वर्ग चालू असताना, बाईंसमोर. मग "बाई, पाणी पिऊ का" असं विचारायची भीती राहत नाही. पण लक्षात ठेवा, घंटेनंतर पाच मिनिटं बाथरूमची सुट्टी हवीच. नाहीतर मुली घोट तोंडात घेतल्यासारखं करतात. आम्ही केलंय, म्हणून सांगते. प्रार्थना मैदानात नको, वर्गात घ्या. पीटीचा तास पहिला ठेवा. बाटली विसरलेल्याला शिक्षा करू नका, त्याला पाणी द्या.

आणि रिक्षा. हा मुद्दा कुठल्याच पत्रकात नसतो. शाळा पावणेबाराला सुटते, पण दहा मुलं गोळा होऊन, बाकी दोन शाळा घेऊन घरी यायला एक वाजतो. उन्हात उभी असलेली तापलेली गाडी, मांडीवर दप्तरं. माझ्या भाचीला ऊन वर्गात कमी आणि त्या तासाभरात जास्त लागलं असावं, असं मला वाटतं. आता रिक्षावाले काका गेटसमोर न थांबता लिंबाखाली थांबतात. ताईने त्यांना फक्त एकदा सांगितलं. ते म्हणाले, "ताई, गेटसमोर थांबा असं शाळेनंच सांगितलं होतं."

आता नीट ऐका, हा भाग सेव्ह करून ठेवा. समोर कुणी उन्हाने कोसळलं, बडबडायला लागलं, तर पहिलं काम गार करणं. सावलीत न्या, बूट-मोजे, टाय, पट्टा काढा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. पुठ्ठा, वही, काहीही. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवा. दुसऱ्याने तोपर्यंत १०८ ला फोन लावायचा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवायचं नाही. बर्फ कुठे मिळेल? रसवंतीवर. आपल्याकडे प्रत्येक चौकात आहे, आणि कुठलाही रसवंतीवाला अशा वेळी पैसे मागणार नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. तापाची गोळी देऊ नका, हा ताप त्या गोळीने उतरत नाही.

माणूस शुद्धीवर असेल, नुसतं चक्कर-मळमळ असेल, तर ओआरएस. मेडिकलमधलं पाकीट, एक लिटर पाण्यात पूर्ण पाकीट, चोवीस तासांत संपवायचं. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट टाकू नका, ते फार खारट होऊन उलटा त्रास होतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ताक, पन्हं, लिंबू-सरबत चालेल. कोल्ड्रिंक नाही. आणि टेट्रापॅकमधली गोड पेयं, ज्यांच्यावर मोठ्या अक्षरात ओआरएस लिहिलेलं असायचं, ती ओआरएस नव्हतीच, साखरेचं पाणी होतं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष कित्येक वर्षं याविरुद्ध भांडल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने नावात तो शब्द वापरायला बंदी घातली. तरी दुकानात जुना माल असू शकतो. मागची बाजू वाचा.

तुम्ही कॉलेजला असाल, नोकरीला असाल, मुलं नसतील, तरी एक काम करा. तुमच्या गल्लीत एकटे राहणारे आजी-आजोबा असतीलच. दुपारी दोनला बेल वाजवा. "आजी, माठ भरलाय का?" एवढंच विचारा. मजूर अड्ड्यावर सकाळी उभे राहणारे लोक, सेंटरिंगचं काम करणारे, डिलिव्हरीवाले दादा, यांना ऊन टाळायची सोय नाही. पार्सल घेताना पाण्याचा तांब्या पुढे करा. मोबाईलमध्ये हवामान खात्याचं "मौसम" ॲप टाका, त्यात पिवळा, नारंगी, लाल इशारा येतो. लाल आला की घरच्या ग्रुपवर टाका, गुड मॉर्निंगच्या फुलाऐवजी.

भाचीचं काय झालं? दोन दिवसांत बरी झाली. ताई शाळेत गेली, आधी एकटी. "बघतो" असं उत्तर मिळालं. मग वर्गातल्या बाकीच्या आया मिळून गेल्या. आठवडाभराने कडी लागली. टाकीत पाणी मात्र अजून रोज नसतं, त्यासाठी परत जावं लागणार आहे. बाटली आता अर्धी रिकामी होऊन येते. पूर्ण नाही. ताई रोज उचलून बघते.

तुमच्या शाळेत काय होतं, काय आहे, मला व्हॉइस नोट पाठवा. शिक्षक ऐकत असतील तर त्यांनीही पाठवा, तुमची बाजू वेगळी असणार आणि ती मला ऐकायचीय. आता मी थांबते, कारण खालून आईची हाक आलीये. आज आमच्याकडे पाण्याचा दिवस आहे, मोटार लावायची आहे. भेटू पुढच्या एपिसोडला.